दोन मार्कांची लयकारिका

आठवीच्या विज्ञानात 'लयकारिकेचे कार्य लिहा' हा प्रश्न दोन मार्कांना येतो. मी तो चौदा वर्षं शिकवला. पेशीतला कचरा, जुने झालेले भाग, बाहेरून घुसलेले जंतू, ह्या सगळ्यांचं पचन करणारी इवलीशी पिशवी म्हणजे लयकारिका. पोरांच्या डोक्यात राहावं म्हणून मी सांगायचो, प्रत्येक पेशीच्या घरात एक सफाई कामगार असतो, तो सुट्टी घेत नाही आणि संपावरही जात नाही. पोरं हसायची. मी फळ्यावर मोठा गोल काढायचो, त्यात चार ठिपके द्यायचो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. दोन मार्कांसाठी कोण किती वेळ घालवणार?

माझ्या अंगातले हे कामगार जन्मापासून अर्धवट कामावर आहेत. त्यांच्याकडे एक विकर, म्हणजे पचवणारं एक रसायन, पुरेसं नाही. म्हाताऱ्या रक्तपेशी मोडल्या की त्यातून एक स्निग्ध पदार्थ उरतो. तुमच्या पेशी तो पचवून टाकतात, माझ्या टाकत नाहीत. तो आतच साठत जातो, पेशी फुगतात आणि पानथरीत, यकृतात, हाडांच्या आतल्या मगजात ठाण मांडून बसतात. ह्या आजाराला गौचर म्हणतात. मला तो एकेचाळिसाव्या वर्षी कळला. माझी मुलगी अंजू तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि हे लिहितोय ते माझ्यापेक्षा तिच्यासाठी, तिनं मोठी झाल्यावर वाचावं म्हणून.

मी मडावी सर. कुरखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणाचं पोट वाढलं आणि हाडं दुखायला लागली की उत्तर आधीच तयार असतं: मलेरिया, नाही तर सिकलसेल. दोन्ही आजार इथे घरोघरी आहेत, म्हणून तो विचार आधी येणं चूक नाही. चूक ही की त्यानंतर दुसरा विचारच येत नाही. ह्या लिखाणात मी कोणाला सोडणार नाही, आणि सगळ्यात कमी स्वतःला.

०

डी.एड.ला असताना कॉलेजात सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आणि मला वाहकाचं कार्ड मिळालं. वाहक म्हणजे ज्याच्या रक्तात तो दोष अर्धाच आहे. त्याला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही, फक्त जोडीदार बघून करावा लागतो. हे मी पुढे शाळेत तक्ता लावून शिकवलं. पालकसभेत शिकवलं. बाजाराच्या दिवशी आरोग्य खात्याच्या मंडपात उभं राहून माईकवर शिकवलं.

आणि त्याच काळात माझी मांडी दुखायची तेव्हा मी म्हणायचो, सिकल उठलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मांडीच्या हाडात कोणी आतून खुंटी ठोकतंय असं वाटायचं. दोन-तीन दिवस मी रजा टाकून पडायचो. दवाखान्यात गेलो की कार्ड पुढे करायचो. समोरचा माणूस ते बघायचा, मान हलवायचा, गोळ्या द्यायचा. त्यानं पोटाला हात लावावा असं मलाही वाटत नव्हतं. ते कार्ड मी इतकं जपून ठेवलं होतं की त्यावर प्लॅस्टिक चढवून घेतलं होतं.

पोट तर लहानपणापासूनच मोठं. डाव्या बाजूला फासळीखाली एक कडक गोळा लागायचा. आमच्याकडे त्याला पानथरी म्हणतात, डॉक्टर प्लीहा म्हणतात. ताप आला की मलेरियाच्या गोळ्या खायच्या, पानथरी उतरेल म्हणायचं. ती कधीच उतरली नाही. शाळेतले सहकारी चेष्टा करायचे, "सर, कितवा महिना?" मीही हसून म्हणायचो, "डोहाळजेवण कधी करून राह्यले, ते सांगा ना." पायजम्याची नाडी पोटाच्या खाली बांधायची सवय झाली होती.

अंजूचंही तेच. पाय काड्यांसारखे आणि पोट पुढे. वयाच्या मानानं ठेंगणी. नाकातून रक्त आलं की सुनंदा, माझी बायको, तिच्या डोक्यावर गार पाणी थापायची आणि आम्ही म्हणायचो, उन्हाळा लागला. अंजू शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. मी म्हणायचो, आळशी आहे.

हे पुढचं मला लिहायचं नव्हतं. सुनंदा म्हणाली, लिहा. शाळेच्या क्रीडा दिवशी पन्नास मीटरच्या शर्यतीत अंजू मधेच खाली बसली. मी शिट्टी घेऊन उभा होतो. सगळ्या शाळेसमोर मी ओरडलो, "मडावी सराची पोट्टी होय तू, थोडी तरी लाज आण!" ती उठली आणि चालत चालत रेषेपर्यंत आली. पाय दुखते म्हणून तिनं सांगितलं होतं, आदल्या दिवशीच. मी ऐकलं नव्हतं.

०

माझं बिंग फुटलं ते दाढेपायी. किडलेली दाढ मी वडसाला जाऊन काढली आणि रक्त थांबेना. कापसाचे बोळे बदलून बदलून दोन दिवस गेले. उशीची खोळ लाल झाली तेव्हा सुनंदानं शेजारच्याची गाडी बोलावली. गडचिरोलीत रक्त तपासलं, रक्त थांबवणाऱ्या पेशी फारच कमी निघाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी जागेवरूनच नागपूरला चिठ्ठी दिली. अंजूला आईकडे, म्हणजे माझ्या आईकडे, घरी ठेवलं. चार दिवसांत येतो म्हणालो होतो. तीन आठवडे लागले.

नागपूरच्या त्या वॉर्डाबद्दल काय सांगू? सकाळी उजाडायच्या आत रक्त काढायला माणूस येतो. मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर हाकलतात आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर महत्त्वाचं काही बोलतात. दुपारी कॉटखालून डबे निघतात. ज्याच्याकडे डबा नाही त्याला शेजारचा देतो, आणि कोण कुठल्या जातीचा हे त्या वॉर्डात कोणी विचारलं नाही. बरं वाटलं असं फार थोडं होतं तिथे, त्यात हे एक. दुसरी म्हणजे वॉर्ड झाडणारी बाई. माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढला त्या दिवशी मी पोरासारखा रडलो, तर तिनं गरम पाण्याची बाटली आणून कमरेशी लावली. "रडा भाऊ, रडा. इथी सगळेच रडते, तहसीलदार बी रडला." एवढं बोलून ती पुढच्या कॉटखाली झाडायला गेली.

रक्ताचा कॅन्सर असेल, असं सगळे न बोलता बोलत होते. मीही मनात तेच धरलं होतं. मला मरणाची भीती वाटली, हे मी लपवणार नाही. मरणानंतर काय होईल ह्याची नाही, अंजूला त्या शर्यतीचीच आठवण राहील ह्याची.

पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी पोट तपासताना बनियन वर केलं होतं आणि विचारलं होतं, "हे काय?" फासळीखाली तीन आडवे पांढरे वण. मी म्हणालो, लहानपणी पानथरी डागली होती. तापलेल्या विळ्यानं डाग दिला की पानथरी बसते, अशी आमच्याकडे समजूत आहे. मॅडमनी कागदावर लिहून घेतलं. मला लाज वाटली. शिक्षक माणूस, आणि पोटावर हे. शाळेतली चौदा वर्षं मी ते वण बनियनखाली लपवले होते.

०

ज्या दिवशी आजाराचं नाव कळलं त्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. कॅन्सर नाही म्हणाल्या. सुनंदानं हात जोडले. मग मॅडमनी कागद ओढला, एक मोठा गोल काढला आणि त्यात ठिपके द्यायला लागल्या.

"पेशीमध्ये एक छोटीशी पिशवी असते..."

"लयकारिका," मी म्हणालो.

त्या थांबल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"शिकवतो ना मी. आठवीले. दोन मार्काचा प्रश्न येते त्याच्यावर."

त्यांना हसू आलं, मला आलं नाही. त्या मला माझाच धडा शिकवत होत्या, फळ्यावर मी काढायचो तसाच गोल काढून. फरक एवढाच की मी जिथे थांबायचो त्याच्या पुढे त्या गेल्या. मगजात फुगलेल्या पेशी दिसल्या म्हणून त्यांनी रक्त बाहेर पाठवलं होतं, आणि त्या विकराचा आकडा जवळजवळ शून्य आला होता. कार्डाचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता. मांडीच्या दुखण्याचा सिकलशी कधीच काही संबंध नव्हता. वीस वर्षं मी भलत्याच आजाराचं कार्ड दाखवत फिरलो होतो.

मग मॅडमनी विचारलं, "मिसेस नात्यातल्या का?"

"आत्याची मुलगी."

"आणि तुमचे आईवडील?"

"त्यांचंही तसंच."

आमच्यात ह्याला दूध परत करणं म्हणतात. ज्या घरातून लेक दिली, त्या घरात तिची लेक सून होऊन यायला हवी. घरातून गेलेलं दूध घरी परत आलं पाहिजे. माझी आजी अशीच आली, आई अशीच आली, सुनंदा अशीच आली. लग्नात ह्याचा मान मोठा असतो, आणि मुलगी परकी वाटत नाही, तिचे हाल होत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ही रीत वाईट आहे असं कोणी शहरातून येऊन सांगितलं तर मला आजही राग येतो. पण सिकलच्या सभेत 'कार्ड जुळवून लग्न करा' असं माईकवर सांगणाऱ्या मडावी सरांनी स्वतःच्या लग्नात फक्त सिकलचंच कार्ड जुळवलं होतं. सुनंदाचं कार्ड चांगलं निघालं तेव्हा पेढे वाटले होते आम्ही.

मॅडमनी कागदावर चौकोन आणि गोल काढले, रेषा जोडल्या. रेषा एकमेकींत गुंतत गेल्या. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, असं त्या समजावत होत्या. पेन शेवटच्या गोलावर येऊन थांबलं.

"मूल?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"तिचं पोट कसं आहे?"

सुनंदा खुर्चीवरून उठली. नुसती उठली, जणू तिथूनच घरी निघायचं होतं.

०

दुसऱ्या दिवशी आम्ही अंजूला न्यायला गावी आलो. ती ओट्यावर एका कुशीवर झोपली होती. फ्रॉक पोटाला चिकटला होता. सुनंदानं तो ओल्या फडक्यानं भिजवून हळूहळू सोडवला. फासळीखाली तीन रेषा, एका ओळीत, ताज्या. एकीतून अजून रक्त झिरपत होतं.

आई चुलीपाशी होती. मी आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोललो ते सगळं लिहीत नाही.

ती घाबरली नाही. "तू तिकडं दवाखान्यात मरून राह्यला होता," ती म्हणाली. "पोट्टीचं पोट बी तुह्यावानीच. मी काय नुसती पाहात बसू? मांडीवर घेतलं होतं मी तिले. तिच्यासंगं मी बी रडली."

"आई, तिचं रक्त थांबत नाही! मेली असती ती!"

"तुले बी डाग देला होता. जगला का नाई तू?"

मी जगलो होतो. डागामुळे नाही, पण तिला तर एवढंच दिसलं होतं: डागलं आणि पोरगा जगला, पुढे मास्तर झाला. चाळीस वर्षं तिच्याजवळ ह्याचा पुरावा हिंडत फिरत होता, तिच्या हातचं जेवत होता.

मी सुनंदाकडे वळलो, म्हटलं, बघ हिनं काय केलं. सुनंदा अंजूच्या पोटावर मलम लावत होती. मान वर न करता बोलली, "आईचं मले समजते. ते शाळेत नाई गेली. तुमचं काय? तुमच्याच पोटावर होते ना डाग? कधी उघडून सांगितलं का आईले, का हे चुकीचं हाये? वर्गात सांगितलं? मले तरी सांगितलं का, का पोट्टीले कोणी असं करन म्हून?"

नव्हतं सांगितलं. लाज वाटायची म्हणून. माझ्या लाजेचं भोगलं ते अंजूनं. ह्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

०

अंजूची जखम भरायला बरेच दिवस लागले. तिची तपासणी मात्र साधी होती: बोटातून काढलेलं थोडं रक्त, जाड कागदावर चार थेंब, वाळवून पाकिटात. एवढ्याशा तपासणीसाठी आमच्या घराण्यात किती पोटं डागली गेली असतील ह्याचा हिशोब कोण देणार? माझा एक काका सातव्या वर्षी पोट फुगून गेला. मलेरियानं गेला, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. आता कोणाला विचारू?

निकाल यायला वेळ होता आणि बोलणाऱ्यांना कामच नव्हतं. आत्याबाई, म्हणजे सुनंदाची आई, अंजूला भेटायला आल्या. मी चौकोन-गोल काढून त्यांना समजवायला गेलो, ती माझी खोडच आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि उठून पदर खोचला. "माही पोरगी मी ह्या घरी खुशीनं देली. आता तुमी आमच्या दुधात खोट काढून राह्यले का?" मी म्हटलं, खोट दोन्हीकडे आहे, आपलं रक्त एकच आहे. तर म्हणाल्या, "मंग एकट्या सुनंदाले काऊन रडवता?" त्या जेवल्याशिवाय गेल्या. सुनंदानं त्या दिवशी माझ्याशी आणि तिच्या आईशी, दोघांशीही बोलणं टाकलं. आठ दिवस घरात फक्त अंजूचा आवाज होता.

फोन आला तेव्हा शाळेत खिचडी वाटप चाललं होतं. माझ्या हातात पळी होती. मॅडम म्हणाल्या, "सर, अंजूचंही विकर कमीच आलंय." मी बरं म्हणालो. रांगेत बरीच पोरं उरली होती, त्यांना वाढलं. रांगेत अंजूही होती. तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "बाबा, थोडीच द्या, पोट भरल्यावानी वाटते." पानथरी एवढी वाढली की ती जठराला दाबते आणि भूक लागत नाही, हे मला एव्हाना माहीत होतं. मी थोडीच वाढली. मग हात धुतले, शाळेच्या मागे सागाच्या झाडांत गेलो आणि तिथे जे व्हायचं ते झालं.

०

ह्या आजारावर औषध आहे. पेशीत जे विकर नाही ते बाहेर तयार करून सलाईनमधून देतात, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. ते जाऊन लयकारिकेत पोचतं आणि साठलेला कचरा पचवायला लागतं. इतकं साधं. किंमत ऐकून सुनंदानं मॅडमना विचारलं, "हे जिंदगीभराचं का?" मॅडम म्हणाल्या, वर्षाचं. त्यानंतर आम्ही किमतीवर बोललो नाही, कारण आमच्या बोलण्यात बसेल असा तो आकडा नव्हता.

दोन अर्ज केले, एक माझा, एक तिचा. सरकारी कागद, मदत योजनेचे कागद, दाखले, फोटो, पुन्हा दाखले. एका टेबलावर म्हणाले, आजाराचं नाव यादीत दिसत नाही. दुसऱ्यावर म्हणाले, सिकलच्या रकान्यात टाकू का सर, ते लवकर होते. त्या माणसाचा हेतू चांगला होता, हेच मला सहन झालं नाही.

सात महिन्यांनी मॅडमनी बोलावून सांगितलं, अंजूचा अर्ज मंजूर झाला. मुलांना आधी घेतात, त्यांची हाडं अजून वाढायची असतात. माझा अर्ज विचाराधीन.

आता खरं लिहितो. आनंदाच्या आधी माझ्या मनात आलं, आणि मी? एका श्वासापुरतं आलं, पण आलं. स्वतःच्या लेकीचा हेवा वाटला. लगेच गेलाही. पण असा विचार करणारा बाप मी आहे हे मला त्या खुर्चीवर कळलं. ज्यांच्या घरात औषध एक आणि रोगी दोन असतील त्यांनी हे वाचावं आणि स्वतःला राक्षस समजू नये, म्हणून लिहिलं.

माझ्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तोवर तुटला होता. ते हाड आता कुठल्याही औषधानं परत येणार नाही. मी काठी घेतली. वर्गात खुर्चीवर बसून शिकवतो. तो धडा हल्ली तीन तास चालतो, पेपरात मात्र अजून दोनच मार्कांना येतो. पोट उघडून वण दाखवतो. मुली तोंडावर हात ठेवतात, मुलं पुढे येऊन बघतात. परवा एक पालक म्हणाले, सर, पोरांसमोर असं शोभत नाही. मी म्हटलं, झाकून काय शोभलं ते पाहिलंय मी.

अंजूला मात्र आम्ही माझं खरं सांगितलेलं नाही. बाबाचा पाय दुखतो, एवढंच तिला माहीत आहे. तुमचं आणि माझं एकच असेल तर औषध मलाच काऊन, असं ती विचारणार. ती तशी आहे. आणि एकदा विचारलं की ती सुई टोचून घेणार नाही. सुनंदानं आणि मी मिळून ठरवलेली ही एकच गोष्ट, त्या सगळ्या महिन्यांत.

ज्यांच्या घरी असं पोट आहे त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. कार्ड असलं तरी पोट दाखवा. वाहकाला हाडं दुखतात असं कोणी म्हणालं तर, काऊन? असं विचारा. नात्यात लग्न झालं असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगून टाका. डाग दिलेले असतील तर ते घरातल्या म्हाताऱ्यांसमोर उघडे करा आणि ते का चुकलं ते सांगा, भांडण झालं तरी चालेल. आमच्याकडे झालं. आई अजून म्हणते की माझंच बरोबर होतं.

०

एकाआड एक मंगळवारी आम्ही तिघं नागपूरला जातो. कुरखेड्याहून पहिली एसटी, आरमोरी, ब्रह्मपुरी करत. कंडक्टर आता ओळखतो, पुढचं सीट धरून ठेवतो. अंजूचं पोट उतरलंय. फ्रॉक सैल झाले, सुनंदानं दोन आत घेतले. तिची उंची वाढतेय, आणि नाकातून रक्त येऊन बराच काळ झाला. ती आता धावते. शाळेत कोणी तिला शर्यतीत घ्यायला लागलं की मी व्हरांड्यातून आत जातो.

गेल्या वेळी वॉर्डात नवीन डॉक्टर आला होता, शिकाऊ. सलाईन चालू होतं. अंजू कॉटवर पाय हलवत बसली होती, मी शेजारच्या खुर्चीवर, काठी टेकवून, पोटावर हात ठेवून. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे.

"काका, तुम्ही खाली का बसलात? कॉटवर या, तुमची नळी नीट लावतो."

अंजू खळखळून हसली. "त्याईची नोहे, माही होय," तिनं आपला हात पुढे केला. "बाबा मले फक्त घेऊन येते."

डॉक्टर ओशाळला. सुनंदानं पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"हो," मी म्हणालो, "मी फक्त घेऊन येतो."